एका हाताची परिक्रमा

इंग्रजी नौकानयनात ‘सिंगल-हँडेड’ असा एक शब्द आहे. शिडाच्या नौकेवर दुसरे कोणीही नसताना, एकट्याने केलेल्या सफरीसाठी तो वापरतात. त्यातला ‘हँड’ म्हणजे शरीराचा हात नव्हे. जहाजावरच्या खलाशालाच इंग्रजीत ‘हात’ म्हणतात. वादळात सगळ्या ‘हातां’ना डेकवर बोलावले जाते ते याच अर्थाने. तेव्हा शब्दाचा सरळ अर्थ होतो ‘एका खलाशाची’. मराठीत मात्र ‘एकहाती’ हा शब्द चटकन जिभेवर येतो आणि अर्थाची गाडी भलत्याच रुळावर जाते. एकहाती सत्ता, एकहाती कारभार, एकहाती जिंकलेला सामना. या शब्दाला आपल्याकडे पराक्रमाचा आणि मक्तेदारीचा वास आहे. शिवाय एका हाताने टाळी वाजत नाही, अशी म्हणही याच भाषेत आहे.

सागरी सफरींवरचा मजकूर इंग्रजीतून मराठीत आणताना हा शब्द वारंवार माझ्यासमोर येतो. समुद्राच्या बाबतीत कोकण किनाऱ्यावरची मराठी काही गरीब नाही. डोलकाठी, परबाण, दामण, सुकाणू, नाळ, नांगर ही वस्तूंची नावे. तांडेल, सारंग, खलाशी ही माणसांची. पण एकट्याने गलबत हाकणाऱ्याला आपल्याकडे वेगळे नाव नाही, आणि त्याचे कारणही उघड आहे. तसे कोणी करत नसे. गलबतावर तांडेल असे आणि त्याच्या ‘हाताखाली’ खलाशी असत. ‘हात’ आपल्याही समुद्रभाषेत आहे, पण तो नेहमी अनेकवचनी.

शब्द मिळेना म्हणून मी एकट्याने केलेल्या सफरींचा इतिहास वाचायला घेतला. तो शौर्याचा इतिहास असेल अशी अपेक्षा होती, आणि तो आहेच. पण त्यात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते, जिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. महिनोन्महिने नौकेवर राहणाऱ्या या माणसांना बंदरोबंदरी जुने मित्र भेटतात. काही नौकेवर राहायला येतात, काही धक्क्यावर उभे असतात, काही फक्त आठवणीत येतात. हे मित्र वजा केले तर त्या सफरींचे काय उरते, हा प्रश्न मला शौर्यापेक्षा महत्त्वाचा वाटू लागला.

सुरुवात जोशुआ स्लोकमपासून करायला हवी. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. २४ एप्रिल १८९५ रोजी तो बोस्टनहून निघाला आणि ४६,००० मैलांहून अधिक अंतर कापून २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला पोचला. निघताना तो पन्नाशी ओलांडलेला कप्तान होता. शिडांच्या मोठ्या जहाजांचा जमाना संपत आलेला, त्यामुळे हाताला काम नव्हते. त्याची ‘स्प्रे’ ही नौका त्याला दिली ती एबेन पियर्स नावाच्या जुन्या मित्राने, व्हेल पकडणाऱ्या जहाजांवरच्या निवृत्त कप्तानाने. तुला एक जहाज देतो, थोडी डागडुजी लागेल, असे म्हणून पियर्सने त्याला बोलावले. पाहतो तर एका शेतात, ताडपत्री पांघरून ठेवलेले जुनाट लाकूड! स्लोकमने १३ महिने खपून, ५५३ डॉलर आणि ६२ सेंट खर्चून ती नौका जवळजवळ नव्याने बांधली. ‘एकट्या’च्या पहिल्या सफरीचा आरंभ असा एका मित्राच्या थट्टेतून झाला.

१८९५ च्या अखेरीस स्प्रे मॉन्टेव्हिडिओला होती. तिथे केप कॉडचा कॅप्टन हॉवर्ड हा स्लोकमचा जुना मित्र भेटला आणि ब्यूनस आयर्सपर्यंत त्याच्याबरोबर नौकेवर राहायला आला. याच ला प्लाटा नदीत हॉवर्डने वर्षानुवर्षे स्वतःची वाटाड्याची नौका चालवली होती. पण सुकाणूला कोणी हातही न लावता स्प्रे आपली दिशा धरून चालते हे पाहून तो थक्क झाला. होकायंत्रासमोर बसून काटा हलतो का, ते पाहत राहिला. ‘एकट्याने जगाभोवती’ अशा अर्थाचे नाव असलेल्या स्लोकमच्या पुस्तकातला हा भाग मला फार आवडतो. दोन म्हातारे खलाशी, एक छोटी नौका आणि बोलण्याचा विषय म्हणजे तीच नौका. इतक्या वर्षांनी भेटलेल्या दोघांनी सुखदुःखाच्या गप्पा मारल्या असतीलही, पण लिहिताना स्लोकमला आठवला तो मित्राचा चकित चेहरा.

त्याच शहरात आणखी एक भेट व्हायला हवी होती. स्लोकमची पहिली पत्नी व्हर्जिनिया लग्नानंतर त्याच्याबरोबर जहाजांवरच राहिली. त्यांची मुले जहाजांवर आणि परक्या बंदरांत जन्मली. १८८४ मध्ये ब्यूनस आयर्सला जहाज नांगरलेले असताना ती वारली आणि तिथेच तिला पुरले. अकरा वर्षांनी स्लोकम त्या बंदरात परत आला. पुस्तकात तो नव्या गोद्यांबद्दल लिहितो, जुन्या ओळखीच्या दुकानदाराबद्दल लिहितो; तिच्या कबरीबद्दल एक अक्षर नाही. अनुवादकाला न लिहिलेल्या वाक्याचा अनुवाद करता येत नाही. पण ते कुठे लिहिलेले नाही, हे माहीत असावे लागते.

पुढे सामोआत स्लोकमला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या विधवा पत्नीने, फॅनीने, नवऱ्याच्या संग्रहातली नौकानयनाची मार्गदर्शक पुस्तके भेट दिली. स्टीव्हन्सन १८९४ च्या डिसेंबरात गेला होता. ज्याला कधी भेटलो नाही अशा माणसाची पुस्तके घेऊन स्लोकम हिंदी महासागराकडे निघाला. आणि त्याआधी अटलांटिकमध्ये, अझोर्स बेटांवर मिळालेली आलुबुखारे आणि चीज खाऊन पोटात कळा येऊन पडला असताना, सुकाणूवर एक परका माणूस उभा असल्याचे त्याला दिसले. तो म्हणाला, मी कोलंबसच्या ‘पिंटा’ जहाजाचा वाटाड्या, तू झोप, मी नौका नेतो. ज्याला मित्र मिळाला नाही, त्याने चारशे वर्षांपूर्वीचा एक उभा केला.

आता मुंबईकडे वळू, कारण या इतिहासाचा एक धागा आपल्या किनाऱ्यावरून जातो. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघून तो २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. त्याची ३२ फुटी ‘सुहैली’ कुलाब्यात, सागवानात बांधलेली होती. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. मुंबईच्या सुतारांनी हातहत्यारांनी ही नौका १९६४ पर्यंत उभी केली. आज लंडनच्या नौकाविश्वात सुहैलीचे नाव आदराने घेतले जाते. तासणी आणि कमानीच्या सामत्याने तिच्या फळ्या जुळवणाऱ्या मुंबईच्या माणसांची नावे सफरीच्या गौरवात ऐकू येत नाहीत. जगातली पहिली विनाथांबा ‘एकहाती’ प्रदक्षिणा घडली ती या हातांवर.

त्या शर्यतीत नऊजण उतरले होते. पूर्ण केली ती एकट्या नॉक्स-जॉन्स्टनने. डोनाल्ड क्रोहर्स्ट हा स्पर्धक खोट्या नोंदी करत अटलांटिकमध्येच भटकत राहिला आणि शेवटी समुद्रात नाहीसा झाला. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे ५,००० पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. एकट्याने समुद्रात राहणे म्हणजे काय, हे दुसऱ्या कोणापेक्षा त्याला जास्त कळले असणार.

मी राहते ते बंगळुरू समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. पण या शहराचाही या कथेशी संबंध आहे. हलसूर तलावाला लागून मद्रास सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपचे, केंद्र आहे. तलावावर सकाळी छोट्या शिडाच्या नावा फिरताना दिसतात. तिथल्या सेलिंग क्लबचे नाव आहे ‘तृष्णा’. हे नाव एका नौकेचे. लष्कराच्या इंजिनिअर्स दलातल्या अधिकाऱ्यांनी ‘तृष्णा’ या ३७ फुटी नौकेतून १९८५ च्या सप्टेंबरात निघून १० जानेवारी १९८७ रोजी मुंबई गाठली. भारतीयांनी शिडाच्या नौकेतून केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. ती एकट्याची नव्हती, चमूची होती. पंधरा महिने ३७ फुटांत एकत्र राहिलेल्या माणसांची मैत्री कशी असेल याची कल्पना करायची, तर बंगळुरूच्या वन-बीएचकेत चौघींनी काढलेले एक वर्ष आठवावे आणि त्यातून खिडकीबाहेरची जमीन काढून टाकावी.

एकट्या भारतीयाने जगाला प्रदक्षिणा घालावी, हे स्वप्न पाहिले व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे नेतृत्व केलेले आणि वीरचक्र मिळालेले हे अधिकारी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णी या खेड्यात राहत. दुष्काळी माणदेशाच्या उंबरठ्यावर बसून या माणसाने महासागराची योजना आखली आणि नौदलाच्या गळी उतरवली. २००६ मध्ये नौदलाने स्वयंसेवक शोधला तेव्हा पुढे आले कमांडर दिलीप दोंदे, पेशाने पाणबुडे. त्यांना तयारीचे धडे मिळाले ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडून. मुंबईत बांधलेल्या नौकेवर जग फिरलेल्या माणसाने मराठी खलाशाला शिकवले. सुहैलीचे ऋण असे फिटले, असे मला वाटते.

नौका बांधली गोव्यात, मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. एवढी मोठी शिडाची नौका तिथे आधी कधी बांधली नव्हती. आराखडा डच, ५६ फूट लांबी, लाकडावर फायबरग्लासचे थर. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलाकडे आली. नाव ठेवले ‘म्हादई’. मांडवीचेच हे मूळ नाव, आणि सत्तरी भागात ज्या देवीच्या जुन्या दगडी मूर्तींवर होडी कोरलेली दिसते तिचेही. नदी उगम पावते बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलात. कन्नडमध्ये ती महादायी, गोव्यात म्हादई, समुद्राजवळ मांडवी. या नदीच्या पाण्यावरून दोन राज्यांत किती वाद आहे, हे बंगळुरूत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. २५ जानेवारी २०१८ रोजी महादायीसाठी कर्नाटक बंद होता. त्याच आठवड्यात याच नदीच्या काठी बांधलेली दुसरी एक नौका दक्षिण अटलांटिकमध्ये, फॉकलंड बेटांवरच्या पोर्ट स्टॅन्लीला नांगरलेली होती. तिच्याकडे आपण येऊच.

दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन या चार बंदरांत ते थांबले. समुद्रात असताना नौका हेच घर. झोप तुकड्यातुकड्यांची, सुकाणू बराच वेळ यंत्राच्या ताब्यात, तुटलेले स्वतःच जोडायचे, जेवण स्वतःच शिजवायचे. बंदरात नौका लागली की हे चित्र पालटते. सुटे भाग आलेले असतात, शिडांची दुरुस्ती ठरलेली असते, पुढच्या टप्प्याचे हवामान कोणीतरी वाचून ठेवलेले असते. या सफरीची किनाऱ्यावरची मदत सांभाळणारा माणूस होता नौदलाचा तरुण वैमानिक अभिलाष टॉमी.

टॉमींची पाळी तीन वर्षांनी आली. १ नोव्हेंबर २०१२ रोजी ते म्हादई घेऊनच निघाले. यावेळी कुठेही थांबायचे नव्हते. ३१ मार्च २०१३ रोजी ते मुंबईला परतले. विनाथांबा, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. जी नौका त्यांनी दोंदेंसाठी बंदरातून निरोप देऊन पाठवली होती, तिच्यावर आता ते स्वतः राहत होते. मित्राचे घर काही महिने आपल्याला राहायला मिळावे तसे हे असणार. कोणता दोर कुरकुरतो, कोणत्या झोतात पाणी आत येते, हे आधीच्या माणसाने अंगावर घेऊन शिकलेले. विनाथांबा सफरीत धक्क्यावर कोणी भेटत नाही. भेटते ती मित्राने घडवलेली नौका.

मग आली ‘तारिणी’. तीही दिवाडी बेटावर, त्याच कारखान्यात बांधलेली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. २५४ दिवस, त्यातले १९९ समुद्रात. त्यांचा सराव म्हादईवर झाला होता आणि त्यांना शिकवणाऱ्यांत दोंदे होते. त्या वर्षीची दिवाळी त्यांनी हिंदी महासागरात साजरी केली; ऑस्ट्रेलिया अजून चार दिवसांवर होता. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला म्हणून ठरलेल्या बंदरांत नसलेल्या मॉरिशसलाही थांबावे लागले. कर्नाटक बंदच्या आठवड्यात पोर्ट स्टॅन्लीला होती ती हीच नौका.

या मोहिमांना नौदलाने नाव दिले ‘सागर परिक्रमा’. इथे माझ्या शब्दाच्या शोधाला वेगळे वळण मिळाले. मराठी माणसाला परिक्रमा म्हटले की नर्मदा आठवते. अमरकंटकहून निघायचे, नदी उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचे नाही. परिक्रमावासी बहुतेकदा एकटाच चालतो. पण त्याच्या झोळीत शिधा नसतो. काठावरच्या गावात कोणीतरी सदावर्त घालते, कोणीतरी ओसरीवर झोपायला जागा देते. कालचा सोबती आज मागे पडतो आणि पंधरा दिवसांनी एखाद्या घाटावर अचानक भेटतो, तेव्हा दोघांना जन्माची ओळख असल्यासारखे वाटते. परिक्रमेच्या कल्पनेतच काठावरची माणसे गृहीत आहेत. ‘सिंगल-हँडेड’ हा शब्द नौकेत किती माणसे आहेत ते मोजतो. ‘परिक्रमा’ काठासकट मोजते. ज्याने हे नाव सुचवले त्याने भाषांतराचा प्रश्न माझ्याआधी सोडवून ठेवला होता.

काठ नसेल तेव्हा काय होते, याचीही परीक्षा झाली. नॉक्स-जॉन्स्टनच्या सफरीला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा भरवली. नियम असा की १९६८ साली जी साधने होती तेवढीच वापरायची. दिशा शोधायला सेक्स्टंट आणि आकाश. टॉमींनी त्यासाठी सुहैलीची प्रतिकृती बांधून घेतली. ती ‘तुरिया’, आणि तीही गोव्यात, दांडेकरांच्याच कारखान्यात. मुंबईच्या सुतारांची नौका अशी पन्नास वर्षांनी याच किनाऱ्यावर पुन्हा जन्माला आली. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तुरियाची डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली. ते बिछान्याला खिळले. कोणत्याही किनाऱ्यापासून फार दूर. त्याच वादळात डोलकाठी गमावलेला आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन मोडकी नौका त्यांच्या दिशेने आणू लागला. भारतीय नौदलाच्या विमानाने तुरिया शोधून काढली. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच नौकेने आधी टॉमींना आणि मग मॅकगकिनलाही उचलले आणि अ‍ॅम्स्टरडॅम या इवल्या बेटावर नेले. तिथून ‘सातपुडा’ या युद्धनौकेने टॉमींना मायदेशी आणले.

ते परत आल्यावर महिन्याभराने, ३ नोव्हेंबर २०१८ रोजी, आवटी वारले. ज्यांनी हे सगळे सुरू केले त्यांनी या सफरी निघालेल्या आणि परतलेल्याही पाहिल्या.

चार वर्षांनी टॉमी त्याच शर्यतीत पुन्हा उतरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये टापिओ लेहटिनेन या फिनलंडच्या स्पर्धकाची नौका बुडाली. शर्यत सोडून टॉमी आणि दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर दोघेही त्याच्या शोधात वळले. कर्स्टन आधी पोचली, तराफ्यावरून त्याला आपल्या नौकेत घेतले आणि पुढे एका मालवाहू जहाजावर चढवून दिले. एप्रिल २०२३ मध्ये कर्स्टन पहिली आली आणि २३६ दिवसांनी टॉमी दुसरे. एकट्याने राहण्याच्या या शर्यतीत नियम असा आहे की दुसऱ्याच्या मदतीला गेलात तर तो वेळ तुम्हाला परत मिळतो. समुद्राला मैत्रीचा हिशेब ठेवता येतो, हे मला या नियमातून कळले.

हे सगळे मी ज्या शहरात बसून वाचले तिथे मैत्रीही बंदरासारखीच चालते. चाळिशी ओलांडल्यावर आपल्या जुन्या मैत्रिणी कोणत्या ना कोणत्या मोहिमेवर असतात. पुण्यात एम.ए. करताना एका खोलीत राहिलेल्या आम्ही तिघी आता तीन देशांत आहोत. त्यांतली एखादी ऑफिसच्या कामाने बंगळुरूला येते, विमानतळ आणि मीटिंग यांच्यामध्ये चार तास काढते आणि आम्ही एखाद्या दर्शिनीत उभ्याने इडली-वडा खातो. मोठ्या गोष्टी बोलायच्या राहून जातात. बोलणे होते ते कोणाच्या गुडघ्याला काय झाले, कोणता पंखा आवाज करतो, कोणाच्या आईला ऐकू येत नाही. पूर्वी मला याचे वाईट वाटायचे. आमच्यातल्या तिसरीचा नवरा मर्चंट नेव्हीत. लग्नानंतर काही महिने ती जहाजावर राहिली होती. एकदा परदेशी बंदरात शाळेतली एक मैत्रीण दोन तासांसाठी तिला भेटायला आली. “काय बोललात?” असे मी विचारले. ती म्हणाली, “काही नाही गं. तिने आणलेला बटाटेवडा खाल्ला, माझी केबिन दाखवली, पंप कसा चालतो ते दाखवलं. ती गेल्यावर मी दोन दिवस छान झोपले.”

हॉवर्डला स्लोकमनेही पंपच दाखवला, असे म्हणता येईल. नौकेवर राहणाऱ्या माणसाकडे जुन्या मित्राला दाखवण्यासारखे तेवढेच असते: आपण कसे तरंगत राहतो ते. आणि मित्राचे कामही तेवढेच, की त्याने ते बघावे. पुस्तके लिहिणाऱ्यांनाही हे लागू आहे आणि अनुवाद करणाऱ्यांना तर जास्तच. मुखपृष्ठावर नाव एकटीचे येते. आत प्रत्येक पानावर कोणाकोणाचे हात असतात. कानडी शेजारणीने उलगडलेला शब्द, सिंधुदुर्गातल्या तांडेलाने फोनवर दुरुस्त केलेले डोलकाठीचे वर्णन, पहिला खर्डा वाचून रात्री अकराला आलेला मैत्रिणीचा निरोप.

माझ्या मजकुरात मी ‘एकहाती’ हा शब्द ठेवलेला नाही. नौका एकट्याने चालवली असे जिथे सांगायचे तिथे ‘एकट्याने’ लिहिले, आणि अख्ख्या प्रवासाला ‘परिक्रमा’. संपादकांनी विचारले, शौर्य थोडे कमी नाही का होत? माझ्या मते होत नाही. वादळात बिछान्याला खिळलेला माणूस कमी शूर ठरत नाही, कारण कोणी मोडक्या नौकेतून त्याच्याकडे निघाले होते.

२ ऑक्टोबर २०२४ रोजी तारिणी पुन्हा गोव्याहून निघाली. यावेळी तिच्यावर दोघीच होत्या, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. त्यांना तयार केले होते अभिलाष टॉमी यांनी. लिटलटनहून पोर्ट स्टॅन्लीकडे जाताना, जानेवारी २०२५ च्या अखेरीस, त्यांनी पॉइंट नेमो पार केला. पृथ्वीवर कोणत्याही जमिनीपासून सर्वांत दूरचा बिंदू तो. तिथे असताना सर्वांत जवळची माणसे बरेचदा अवकाशस्थानकातली असतात. २९ मे २०२५ रोजी मुरगाव बंदरात त्या उतरल्या. आठ महिने ज्या नौकेत या दोघी झोपल्या, तीच सात वर्षांपूर्वी सहाजणींचे घर होती. त्या सहाजणींना शिकवले ते दोंदेंनी, दोंदेंना नॉक्स-जॉन्स्टनने, आणि त्याची नौका कुलाब्याच्या सुतारांनी बांधली होती. दिलना आणि रूपा यांच्या सफरीला इंग्रजीत ‘डबल-हँडेड’ म्हणतात. मी मोजायला बसले तर हात दोनाहून बरेच जास्त भरले.